दोन्ही अंगांनी गाळलेलं पाणी

मंडळाच्या वहीत सहा रकाने होते: घर, माणसं, पाणी कुठलं, गाळतात का, नारू कोणाला, आणि शेवटचा रुंद रकाना शेऱ्याचा. ते मी पट्टी लावून आखले होते. डॉक्टरांचं अक्षर आठवड्यानंतर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून वही माझ्याकडे आली आणि वहीबरोबर कामही आलं.

मंडळ फार मोठं नव्हतं. हिंगोलीतले एक उतारवयाचे डॉक्टर, एक वकील, दोन हळदीचे व्यापारी आणि एक शाळामास्तर. मी त्या मास्तरांची बायको. मराठी चौथी झालेली, वय सव्वीस. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवून बोलायचं तर परवानगी लागे, आणि परवानगी मागितली की बोलणार कोण, कशाबद्दल, ऐकणार कोण, असे सतरा प्रश्न येत. डॉक्टर म्हणाले, ‘‘सभा नकोच. ओट्यावर बसून बोललेल्याला कोणी सभा म्हणत नाही.’’ पण ओट्यावरून बोलणं घरात पोचायचं तर बायकांशी बोलायला हवं, आणि डॉक्टरांपुढे बायका पदर ओढून भिंतीकडे तोंड करत. म्हणून मला नेलं.

काम एकच धरलं होतं, नारूचं. आता ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाला, बहुधा घोट्याजवळ, एक फोड येतो. आग आग होते. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावतो. हात-दीड हात लांब. ओढून काढता येत नाही, ओढला तर तुटतो आणि तुटला तर पाय सडतो. काडीला गुंडाळून रोज बोटभर, कधी तेवढाही नाही, असा बाहेर काढायचा. महिना जातो. आणि हा महिना कोणता, तर नेमका मृगाचा. ज्या दिवसांत शेतकऱ्याला पाय हवेत त्या दिवसांत नारू पाय मागतो.

तो येतो बारवेच्या पाण्यातून. ज्याच्या पायात नारू आहे तो माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, तिथे नारूची पिल्लं सुटतात, पाण्यातले बारीक किडे ती गिळतात, आणि ते पाणी दुसरा पितो. हे सगळं खरं पटायला अडचण एकच. आज प्यायलेल्या पाण्याचा नारू वर्षानं निघतो. वर्षापूर्वी आपण काय प्यालो हे कोणाला आठवतं? विहिरीवरची हडळ, कोणाची नजर, चुकलेला नवस, यातलं काहीही त्याहून जवळचं वाटतं. म्हणूनच वही हवी होती. वर्षभर कोणी विसरू नये म्हणून.

आम्ही धरलेलं गाव कनेरगाव नाक्यापासून आत अडीच कोसांवर होतं. पन्नासेक घरं, एक बारव. पायऱ्या इतक्या झिजलेल्या की मधे खोलगट झालेल्या. पहिल्या दिवशी मी घरोघर विचारलं, ‘‘पाणी गाळून पिता का?’’ सगळ्यांनी ‘‘न्हाई’’ म्हटलं. खोटं कशाला बोलतील? गाळायला कापड कुठे होतं? दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. अंगावर घालायला कापड मिळत नव्हतं.

कापडाचं डॉक्टरांनी पाहिलं. वाशीमकडच्या, म्हणजे इंग्रजी हद्दीतल्या, एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं दाट विणीच्या मांजरपाटाचा एक तागा दिला. नाक्यावर तिकडून येणाऱ्या मालाची तपासणी होई. तिथल्या कारकुनानं तागा उलगडला, पुन्हा गुंडाळला आणि विचारलं, ‘‘ये काहे का कपड़ा है?’’

‘‘पाणी गाळायचं,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘इतना? समंदर छानते क्या, साहब?’’

डॉक्टर हसले, तो हसला, आणि कागदावर शिक्का मारून त्यानं तागा सोडला. समुद्र गाळायला सोडाच, तो गावालाही जेमतेम पुरला. घरटी एक तुकडा, रांजणाच्या तोंडावर बसून चार बोटं खाली लोंबेल एवढा. दुसरा तागा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

मी हिशोबी बाई आहे. कापडाचे तुकडे कापताना माझ्या डोक्यात एकच होतं, की हे वर्षभर टिकलं पाहिजे. डॉक्टर एका गल्लीत जखमा धूत होते तेव्हा मी दुसऱ्या गल्लीत बायकांना बसवून सांगितलं: घागर भरली की कापड लावूनच रांजणात ओता. रोज धुवा, सावलीत वाळवा. आणि कापड पालटत जा. आज या अंगानं, उद्या त्या अंगानं. लुगडं नाही का आपण नेसत, एकदा या पदरानं, एकदा त्या पदरानं, म्हणजे एकीकडेच विरत नाही? तसंच.

बायकांच्या माना डोलल्या. तोवर मी त्यांच्यासाठी शहरातून आलेली, वहीत काहीतरी लिहिणारी बाई होते. लुगड्याचं बोलले आणि त्यांच्यातली झाले. त्या दिवसापासून मला तिथे नाव पडलं, यादीबाई.

त्या बायकांत एक होत्या मावशी. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणे, म्हणून मीही. चाळिशीच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती लेक वसमतकडे दिलेली. नवऱ्यामागे त्याची काळी जमीन त्यांनी स्वतः वाहिली, कसली होती. पण मागच्या मृगात त्यांच्या दोन्ही पायांना नारू निघाला, आणि पेरणी धाकट्या दिरानं केली. तेव्हापासून तो म्हणू लागला होता की जमीन मीच वाहतो.

यातली मेख मावशींनी मला त्यांच्या चुलीशी बसून समजावली. तिफणीला, म्हणजे पेरायच्या अवजाराला, वर एक लाकडी वाटी असते, चाडं. तिफणीमागून चालत त्यात मुठीनं दाणे सोडायचे असतात. गावात असं धरून चालत की चाड्यावर ज्याची मूठ, पेरा त्याचा. एखाद्या साली दुसऱ्यानं मूठ धरली तर काही नाही. दोनदा धरली तरी चालतं. पण लागोपाठ तीन मृगाच्या पेरण्या एकाच हातानं झाल्या की शेत वाहणारा तोच, आणि पटवारी दर साली कागदावर पेरणाऱ्याचं नाव लिहितो ते तिसऱ्यांदा तेच आलं की कायम व्हायचं.

‘‘एक साल गेलं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘औंदा काय होते बघायचं.’’

डॉक्टरांनी त्यांना सरळ सांगितलं. यंदा निघेल तो नारू गेल्या वर्षीच्या पाण्याचा, त्याला इलाज नाही. पण आजपासून नीट गाळून प्याल तर पुढल्या वर्षी निघू नये. डॉक्टर ‘‘निघू नये’’ म्हणाले होते. ते घरातून बाहेर पडल्यावर मावशींनी मला विचारलं, ‘‘बाई, तुमी सांगा. येईल का न्हाई येनार?’’ आणि मी म्हटलं, ‘‘येणार नाही. तिसरी पेरणी तुमच्या पायांनी.’’

त्या मृगात त्यांना एका पायाला नारू निघाला, डॉक्टर म्हणाले होते तसाच. मूठ दिरानं धरली. दोन सालं गेली. मावशी खाटेवर बसून हसल्या, म्हणाल्या, ‘‘यो जुना पाहुना हाये. नव्याला म्या दाराशीच अडवून राहिले.’’

आणि खरंच अडवत होत्या. महिन्यातून एकदा मी गावात जाई, तेव्हा त्यांचं कापड पाहण्यासारखं असे. पांढरं स्वच्छ, दोरीवर ताणून वाळत घातलेलं. कडेला कोळशाच्या बारीक रेघा ओढून त्या वार ध्यानात ठेवत, आज कोणतं अंग आणि उद्या कोणतं. गावातल्या बहुतेक बायका मन लावून गाळत होत्या. चौथ्या रकान्यात मी एका खाली एक ‘होय’ लिहीत गेले.

एकीशी तेवढं माझं जमेना. मावशींची शेजारीण. मोठ्या आवाजाची, घरात पाच माणसं, अंगणात नेहमी पसारा. तिच्या कापडाला पहिल्याच आठवड्यात चुलीच्या ठिणगीनं भोक पडलं. तिनं त्यावर जाड्याभरड्या कापडाचं ठिगळ लावलं, आणि ते ठिगळ वर ठेवूनच रोज गाळू लागली.

‘‘पालटायचं कोणी?’’ मी विचारलं.

‘‘पालटलं की ठिगळाचे धागे रांजणात पडतेत, बाई. पोरं म्हनतेत, आई, पान्यात केस हायेत.’’

‘‘मग ठिगळ नीट शिवा.’’

‘‘शिवते की. हातातलं काम सरलं की शिवते.’’

‘‘कधी सरेल?’’

‘‘मेल्यावर,’’ ती म्हणाली, आणि स्वतःच मोठ्यानं हसली. कापड धुवायचीही तिची तऱ्हा वेगळी. गाळून झालं की ओलं कापड अंगणातल्या तापलेल्या दगडावर दोनदा आपटायचं आणि कुडाला अडकवून द्यायचं. मी शेऱ्यात लिहिलं, ‘निष्काळजी. वारंवार सांगूनही कापड पालटत नाही.’

वर्ष असं गेलं. वैशाखात एका गाडीवानानं हिंगोलीला निरोप आणला. निरोप म्हणजे एकच वाक्य: ‘‘मावशीनं सांगितलंय, यादीबाईला म्हनावं, पाहुना आला.’’

डॉक्टर आणि मी दुसऱ्याच दिवशी निघालो.  वाटेत ते म्हणाले, ‘‘शेतात कुठे न गाळता प्यायल्या असतील.’’ मला ते पटावं असं फार वाटत होतं.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. उजव्या घोट्यावर फोड फुटलेला, त्यावर रुईचं पान बांधलेलं. डॉक्टरांनी विचारलं ते सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. शेतात जाताना गाळलेल्या पाण्याची भोपळ्याची तुंबडी बरोबर असे. लेकीकडे गेल्या तेव्हाही कापड घेऊन गेल्या होत्या. ओंजळीनं पाणी वर्षभरात एकदाही प्यायल्या नाहीत. ‘‘गळ्याची आन. तहान लागून जीव जाऊन राहिला तरी न्हाई पेले.’’

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा शब्द ऐकू आला नाही की आपण बोलणाऱ्याकडे पाहतो तसं.

मी वही उघडली. डॉक्टर काडीला नारू गुंडाळायच्या तयारीत होते. मी त्या दोन दिवसांत गावभर फिरून सहा रकाने पुन्हा भरले. गेल्या वर्षीपेक्षा नारू कमी होता, पण गेला नव्हता. आणि ज्या घरांत निघाला होता त्यांच्यापुढे चौथ्या रकान्यात माझ्या अक्षरात ‘होय’ होतं. एखाददुसरं घर कोरडं होतं, पण पाच माणसं एका रांजणातून पिणारी आणि पाचही धडधाकट असं घर मला एकच सापडलं. त्याच्यापुढे शेरा होता: निष्काळजी.

वही मी डॉक्टरांपुढे धरली. त्यांनी शेरा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, ‘‘पालटत नाही म्हणजे?’’

मी सांगितलं. लुगड्याचं उदाहरण दिलं होतं तेही सांगितलं.

 त्यांनी बारवेची एक घागर मागवली, शेजारणीच्या घरून एक पितळी परात आणवली आणि मावशींचं पांढरं कापड घेतलं. ओट्यावर उन्हात कापड तांब्यावर धरून पाणी ओतलं. कापड उचलून परातीत पालथं टाकलं आणि वरून स्वच्छ, उकळून गार केलेलं पाणी घातलं. ‘‘बघा,’’ म्हणाले. परातीच्या तळाशी, पितळेच्या चकाकीवर, राईच्या दाण्याहून बारीक पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते.

कापडानं किडे बरोबर अडवले होते. ते वरच्या अंगाला चिकटून बसत. कापड नुसतं खळबळून सावलीत वाळवलं की दाट विणीत ओल राही, आणि त्या ओलीत काही जगून राहत. दुसऱ्या दिवशी तेच अंग खाली आलं की वरून पडणाऱ्या पाण्यानं ते अलगद रांजणात उतरत. आदल्या दिवशी पकडलेले चोर आम्ही दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं घरात घेत होतो. जी बाई जितकी नेमानं पालटे तितकी नेमानं घेत होती. मावशींच्या कोळशाच्या रेघा मला परातीशेजारी दिसत होत्या.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, ‘‘हे मला आधी कळायला हवं होतं. कापड कसं वापरतात हे मी एकदाही पाहिलं नाही.’’ ते त्यांचा वाटा उचलत होते. पण सांगितलं मी होतं.

दारात बायका जमल्या होत्या. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. कापड पालटा हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, मी माझ्या मनानं सांगितलं. ते चूक होतं. त्यामुळे औंदा ज्यांच्या घरी नारू निघाला त्यातला काही माझ्या सांगण्यामुळे निघाला असणार.

 मग शेजारणीचा आवाज आला, ‘‘म्हंजे माहा आळसच बरा म्हना की!’’

दोघीतिघी हसल्या. एक म्हातारी चिडून म्हणाली, ‘‘हसता काय गं? माह्या नातवाचा पाय हाये. ह्या बाईचं ऐकलं म्हून.’’ तिचं बरोबर होतं.  

मावशी मात्र कापडाकडे पाहत होत्या. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. ‘‘लुगड्याचं बराबर होतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पर लुगड्यातून कोनी पानी पीत न्हाई.’’ आणि सुई मागवून तिथेच एका अंगाला, चारी कडांनी, ठसठशीत लाल दोऱ्याची शिवण घातली. ‘‘लाल वर. अंधारात बी बोटाला लागंल.’’ संध्याकाळपर्यंत गावातल्या बहुतेक कापडांना कुठला ना कुठला दोरा लागला होता. लाल संपला तेव्हा काहींनी सुतळी ओवली. आपटायला शेजारणीचा दगड आणि वाळवायला ऊन, हे मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं.

पण ते पुढल्या वर्षासाठी झालं. मृग आठ दिवसांवर आला होता.

पहिला चांगला पाऊस झाल्यावर मी पुन्हा गेले. डॉक्टरांनी तुरीच्या काडीला गुंडाळलेला नारू अजून अर्धा आत होता. काडी मावशींच्या नडगीला चिंधीनं बांधलेली. आणि मावशी उभ्या होत्या, भिंतीला धरून, पदर खोचून.

‘‘म्या चालते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन दीस तर हायेत.’’

ढेकळांतून दोन दिवस तिफणीमागे चालल्या तर नारू तुटणार हे त्यांनाही ठाऊक होतं. ओट्यावर त्यांचा दीर बसला होता. त्याच्याबद्दल मी मनात जे चित्र केलं होतं तसा तो नव्हता. अंगानं बारीक, सावकाश बोलणारा माणूस. म्हणाला, ‘‘बाई, समजवा वैनीला. माही तिफन तयार हाये. तुमाला वाटत असंल, मी जमीन गिळायला बसलो. मला वाटतं, जमीन पडीक पडू नाही.’’

‘‘दोन्ही खरं असू शकतं,’’ मी म्हटलं.

तो हसला. ‘‘व्हय. दोन्ही खरं हाये.’’

‘‘पाय मोडून जमीन राखशील,’’ शेजारीण कुडापलीकडून मावशींना म्हणाली, ‘‘अन् मंग वाहशील कशानं, गुडघ्यानं? बस खाली.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘ओ यादीबाई, तुमचे पाय तर नीट हायेत ना?’’

ती थट्टाच करत होती. पण मला दिसलं की मी चालण्यावाचून दुसरा मार्ग नाही. दिराच्या तोंडावर गावातला कोणी मूठ धरायला उभा राहणार नव्हता, भाऊबंदकीत कोण पडेल? मी गावची नव्हते. माझ्या मुठीला गावात काही किंमत नव्हती, म्हणजे ती कोणाच्याही नावावर धरता येण्यासारखी होती.

‘‘दाणे मावशींच्या हातचे घेईन,’’ मी म्हटलं. ‘‘प्रत्येक तास, पेऱ्याची एकेक ओळ, संपली की धुऱ्यावर, बांधापाशी, येऊन त्यांच्याकडून ओटी भरून घेईन. मूठ त्यांची. पाय फक्त माझे.’’

दीर विचारात पडला. ‘‘असं कोनी केलं न्हाई,’’ तो म्हणाला.

‘‘केलेलं न्हाई, म्हंजे चूक बी ठरलेलं न्हाई,’’ शेजारीण म्हणाली, आणि नवऱ्याला सकाळी बैल जुंपायला सांगायला आत गेली.

त्या संध्याकाळी मावशींनी मला गल्लीत वाळूवर शिकवलं. बोटं किती मिटायची, अंगठा कुठे, दाणे कसे सारखे सुटले पाहिजेत. ‘‘पीठ चाळल्यावानी न्हाई, बाई. जपमाळेवानी.’’ मला वाटलं, जमलं. सकाळी शेतात पाय ठेवला आणि कळलं की वाळूवर उभं राहून सोडणं वेगळं आणि बैलांच्या चालीनं ओल्या काळ्या मातीत पाय रुतवत सोडणं वेगळं. चिखल पायांना शेरभर चिकटे. पाय सावरायला गेले की मूठ मिटे, मूठ सांभाळली की पाय घसरे. शेजारणीचा नवरा तिफण धरून होता. तो दर तासाच्या टोकाला मागे वळून पाही आणि पुन्हा पुढे पाही. धुऱ्यावर मावशी घोंगडीवर पाय लांब करून बसलेल्या. मी पोचले की त्या माझ्या ओटीत ज्वारी घालत आणि दर वेळी काहीतरी सांगत: आता बैल डावीकडं ओढतेत, आता उतार लागंल, आता मूठ सैल कर. दुसऱ्या दिवशी त्या मला ‘‘बाई’’ म्हणायचं विसरल्या होत्या.

पंधरवड्यानं उगवण दिसली. मी पाहिली आणि मला शेतातून निघून जावंसं वाटलं. तासं नागमोडी, एके ठिकाणी हिरवा गुच्छ, पुढे चार हात कोरडी माती, पुन्हा गुच्छ. कुठे मी घसरले होते ते सगळ्या गावाला वाचता येत होतं. रस्त्यानं जाणारे थांबून पाहत. मावशींचा नारू तोवर पुरता निघाला होता. जखम बांधून, काठी टेकत त्या शेतात आल्या, आणि आम्ही दोघींनी ओल होती तोवर बोटानं भोकं पाडून रिकाम्या जागा भरल्या. सगळ्या भरता आल्या नाहीत.

भादव्यात पटवारी पाहणीला आला त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. ज्वारी कमरेला लागली होती, तरी खाचा दिसतच होत्या. पटवारी धुऱ्यावर उभा राहिला. मावशी तिथे होत्या, दीर होता, आणखी दोघेतिघे होते.

‘‘पेरा कोणाचा?’’ पटवाऱ्यानं विचारलं.

मावशी म्हणाल्या, ‘‘माहा.’’

पटवाऱ्यानं दिराकडे पाहिलं. दोन वर्षं कागदावर त्यानं त्याचंच नाव लिहिलेलं होतं. दिरानं ज्वारीकडे पाहिलं. तो ‘माझा’ म्हणाला असता तर त्याला खोटं पाडायला गावातला एकही माणूस पुढे आला नसता, हे तिथे असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

मग तो म्हणाला, ‘‘माहा कसा असंल, साहेब? तासं बघा की. असं पेरलं तर माहा बाप वरून उतरून मला हानील. वैनीचा हाये.’’

सगळे हसले. पटवारीही हसला, आणि लिहिलं. मावशी हसल्या नाहीत. त्या दिराजवळ गेल्या, त्याच्यासमोर नीट, दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, रब्बीला तिफन तुमची लागंल. मूठ माही.’’

‘‘लागंल तवा सांगा,’’ तो म्हणाला, आणि काठी उचलून आपल्या शेताकडे गेला.